जामीन राहिलात? मग आपला क्रेडिट रिपोर्ट मागवा, तोही मोफत

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चाललेली असते आणि इंजिनाच्या खर्चासाठी बँकेत फेऱ्या सुरू होतात. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद असलेला अहवाल, मागवायचा तो या फेऱ्यांच्या आधी. त्यात चूक निघाली तर ती दुरुस्त होऊन यायला ३० दिवस लागू शकतात, आणि १ ऑगस्ट काही पुढे जात नाही. आंबा बागायतदारांनीही पीककर्जाचं नूतनीकरण तोंडावर यायच्या आत हे काम उरकावं.

ज्यांनी कधी पीककर्ज, सोनेतारण, गाडीचं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलंय, बचत गटातल्या ज्या बायकांनी मायक्रोफायनान्सचे हप्ते भरलेत, त्या सगळ्यांची नोंद या रिपोर्टात असते. जामीनदाराचीही असते, आणि आपल्याकडे नेमकं हेच कुणी सांगत नाही. चुलत्याच्या बोटीसाठी, मेहुण्याच्या रिक्षासाठी आपण सही करतो आणि विसरतो. ते कर्ज जामीनदार म्हणून आपल्याही रिपोर्टात दिसतं आणि त्याचे हप्ते थकले की आपल्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी आडवं येतं. माझं स्पष्ट मत आहे, जामीन राहिलेल्या माणसानं दर वर्षी रिपोर्ट पाहिलाच पाहिजे.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा हे रिपोर्ट तयार करणाऱ्या चार कंपन्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे २०१७ पासून प्रत्येक कंपनीनं दर कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह, म्हणजे आपल्या कर्जफेडीला दिलेल्या गुणांसह, मोफत द्यायचा असतो. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन मोफत वार्षिक रिपोर्टाचा पर्याय निवडा. पैसे भरायचं पान समोर आलं तर मागे फिरा. नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन आणि ओटीपीसाठी मोबाइल एवढं पुरतं. बँकेत जुना नंबर असेल तर तो आधी बदलून घ्या. आपण स्वतः रिपोर्ट पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही, ती भीती सोडा.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण नजर त्यावर खिळवू नका. खाली खात्यांची यादी असते, ती ओळीनं वाचा. आपलं नसलेलं कर्ज दिसतंय का? लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावांमुळे किंवा सारख्या नावांमुळे असा घोळ होतो. फेडलेलं कर्ज चालू दिसतंय का? सातबाऱ्यावरचा बोजा उतरला म्हणून रिपोर्टातलं खातं आपोआप बंद होत नाही, ते बँकेनं कळवावं लागतं. म्हणून बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा बँकेचा कागद, जपून ठेवा. एकरकमी तडजोडीत सूट घेऊन मिटवलेलं कर्ज ‘सेटल्ड’ असं दिसतं, आणि पुढची बँक त्याला पूर्ण फेड मानत नाही. तडजोडीवर सही करण्याआधी हे माहीत हवं. शेवटी चौकशांचा भाग असतो, म्हणजे कर्जाच्या अर्जावरून कोणत्या बँकेनं किंवा कंपनीनं आपला रिपोर्ट पाहिला त्याची यादी. तुम्ही अर्जच केला नव्हता अशा कंपनीचं नाव तिथे असेल तर लगेच तक्रार करा.

रिपोर्टातल्या चुकीबद्दल तक्रार त्याच कंपनीच्या वेबसाइटवर मोफत करता येते. सोबत बेबाकी दाखला किंवा खातेउतारा जोडा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि कर्ज देणाऱ्या शाखेतही लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर नोंदवता येते, आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, ओटीपी तर मुळीच नको. खरी थकबाकी कुणालाच पुसता येत नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकट काढून घेऊ शकता.