मीठ खणलं आणि समुद्र आत आला

जर्मनीच्या नकाशात अगदी वर, डेन्मार्कला चिकटून श्लेस्विग-होल्श्टाइन हे राज्य आहे. त्याच्या दोन्ही अंगांना समुद्र आहे, पण दोघांचा स्वभाव वेगळा. पूर्वेच्या बाल्टिकला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. हिमनद्यांनी कोरलेल्या लांबट खाड्या आणि बुटक्या टेकड्या असा तो किनारा. राज्यातली सर्वांत उंच टेकडी, बुंग्सबेर्ग, जेमतेम १६८ मीटर. पश्चिमेला उत्तर समुद्र. तिथे हुसुमसारख्या गावी भरती-ओहोटीच्या पातळीत तीन मीटरहून जास्त फरक पडतो आणि ओहोटीला नजर पोचेल तिथवर चिखल उघडा पडतो. राज्याची सुमारे एक चतुर्थांश जमीन इतकी सखल आहे की बांध नसते तर मोठ्या उधाणात ती पाण्याखाली गेली असती.

ही जमीन सखल होण्यात माणसाचाही मोठा हात आहे. इथल्या मातीखाली पीटचे थर आहेत, म्हणजे हजारो वर्षं दलदलीत साचून अर्धवट कुजलेली झाडंझुडपं. पुढे समुद्र त्यावर पसरला आणि ते थर खारवले. मध्ययुगात मीठ महाग होतं. लोक वरची चिकणमाती बाजूला सारत, खालचं पीट खणून वाळवत आणि जाळत. राखेत समुद्राचं पाणी घालून निथळलेलं दाट खारट पाणी उकळलं की मीठ हाती येई. मात्र जिथे खणलं तिथली जमीन तेवढी खाली गेली. शेतीसाठी चर काढून पाणी उपसलं, तेव्हा उरलेलं पीट सुकून आणि दबून आणखी खचलं.

आणि बांधामुळे या खचण्याची भरपाईच बंद झाली. मोकळ्या किनाऱ्यावर येणारं उधाण जाताना गाळाचा थर ठेवून जातं आणि जमीन हळूहळू वर येते. बांधाच्या आत गाळ पोचत नाही. बाहेरचा किनारा चढत राहतो, आतली शेतं बसत राहतात.

१६ जानेवारी १३६२ च्या वादळाने याची किंमत वसूल केली. त्या वेळचे बांध जेमतेम दोन मीटर उंच. ते फुटले आणि रुंगहोल्ट हे भरभराटीचं व्यापारी गाव कायमचं समुद्रात गेलं. पुढे कित्येकांनी ती दंतकथाच मानली. २०२३ मध्ये संशोधकांनी ज्युडफाल या छोट्या बेटाजवळच्या चिखलात, ओहोटीच्या मोजक्या तासांत हलक्या गाड्यांवरून चुंबकीय मापन यंत्रं फिरवली. त्यातून मानवनिर्मित टेकाडांची सुमारे दोन किलोमीटर लांब रांग दिसली. त्यातल्या एका टेकाडावर साधारण ४० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद चर्चचा पाया होता. एवढं मोठं चर्च काही खेड्यात बांधत नाहीत!

ऑक्टोबर १६३४ मध्ये पुन्हा तसंच घडलं. हजारो माणसं बुडाली आणि श्ट्रांड नावाच्या बेटाचे तुकडे झाले.

अशा किनाऱ्यावर कायदाही बांधाभोवती घडला. प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला बांधाचा ठरावीक तुकडा असे. दुरुस्ती झेपेना झाली की त्याने बांधात फावडं रोवायचं आणि जमीन सोडून जायचं. ते फावडं जो उपटेल, त्याची जमीन आणि बांधाची जबाबदारीही त्याचीच. इतक्या कडक सामुदायिक शिस्तीत वाढलेले, याच पश्चिम किनाऱ्यावरच्या दिथमार्शेन भागातले शेतकरी राजालाही जुमानत नव्हते. १५०० साली डेन्मार्कचा राजा हान्स चालून आला, तेव्हा त्यांनी हेमिंगश्टेटजवळ समुद्राचं पाणी शेतांत सोडलं आणि चिखलात अडकलेल्या फौजेचा धुव्वा उडवला. १५५९ पर्यंत त्यांचं शेतकरी प्रजासत्ताक टिकलं.

श्लेस्विग डेन्मार्कची जहागीर, होल्श्टाइन जर्मन प्रदेशांच्या पवित्र रोमन साम्राज्याची, आणि १४६० पासून दोन्हींवर राज्य डेन्मार्कच्या राजाचं. हा गुंता १८६४ च्या युद्धाने सुटला नाही, फक्त प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या बाजूने कापला गेला. मला खरं मोल वाटतं ते १९२० च्या सार्वमताचं. उत्तर श्लेस्विगने डेन्मार्क निवडला, मध्य श्लेस्विगने जर्मनी, आणि आजची सीमा तिथेच आखली गेली. तरी दोन्हीकडे अल्पसंख्याक उरलेच. १९५५ मध्ये बॉन आणि कोपनहेगन इथून झालेल्या घोषणांनी त्यांना हक्कांची हमी दिली. जर्मनीत विधिमंडळात जागा मिळवायला साधारणपणे पाच टक्के मतं लागतात; इथल्या डॅनिश आणि फ्रिजियन (उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरचा, स्वतःची भाषा असलेला समाज) लोकांच्या एसएसडब्ल्यू पक्षाला ही अट नाही. २०१२ ते २०१७ या काळात हा पक्ष राज्यात सत्तेतही होता.

आजचे बांध आठ मीटरच्या आसपास उंच आणि समुद्राकडे लांबलचक उताराचे असतात, म्हणजे लाट आपटण्याऐवजी चढता चढता दमते. त्यांवर मेंढ्या मुद्दाम चरायला सोडतात. गवत आखूड आणि दाट राहतं, खुरांनी माती दाबली जाते. नव्या बांधांचा माथा रुंद ठेवतात, समुद्र वाढला तर वर आणखी थर देता यावा म्हणून.

हालिगेन नावाच्या दहा सखल बेटांना मात्र असे उंच बांध नाहीत. वर्षातून अनेकदा कुरणं बुडतात. घरं आणि गुरं तेवढी टेकाडांवर कोरडी राहतात. प्रत्येक पुरासोबत थोडा गाळ येतो, म्हणून ही बेटं अजून तगून आहेत. पण भरतीची पातळी आता गाळाहून वेगाने चढते आहे. म्हणून हूगे बेटावरचं हान्सवार्फ्ट आणि लांगेनेसवरचं ट्रॉयबेर्ग ही टेकाडं सरकारी खर्चाने मजबूत करून वाढवली आहेत. कडेची दगडी तटबंदी आणखी उंच केली तर गाळ अडतो, नाही केली तर लाटा बेट खातात. ती नेमकी किती ठेवायची, यावर तिथे आज अभ्यास चालू आहे.