इंजिन ऑइलची निवड (मोटारगाडी; खान्देशातील वापर)

मोटारगाडीच्या इंजिनात एकमेकांवर सरकणाऱ्या आणि फिरणाऱ्या धातूच्या भागांमध्ये पातळ थर धरून ठेवणारे, तिथली उष्णता व काजळी वाहून नेणारे आणि गंज रोखणारे तेल म्हणजे इंजिन ऑइल. कोणत्या गाडीला कोणते ऑइल घालायचे हे तीन गोष्टींवर ठरते: दाटपणाची ग्रेड, गुणवत्तेचा दर्जा आणि गाडी चालते कशी. जळगाव, धुळे व नंदुरबार या खान्देशी जिल्ह्यांत त्यात चौथी गोष्ट आपोआप घुसते, ती म्हणजे ऊन. आणि निवड चुकते ती बहुधा तिच्यामुळेच.

ग्रेड. कॅनवर ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० असे जे छापलेले असते, ती अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स (एसएई) या संस्थेची जे-३०० ही वर्गवारी. गॅरेजवर नुसते ‘पाच-तीस’, ‘पंधरा-चाळीस’ म्हटले की पुरते. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिन फिरवताना ऑइल किती आडवे येते ते सांगतो. ५डब्ल्यूची ही चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा, म्हणजे श्यानतेचा. त्या तापमानाला ३० च्या ऑइलची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९ या मर्यादेत असावी लागते. शिवाय १५० अंशांवर, भागांच्या फटीत ऑइल वेगाने रगडले जात असताना, ते किती दम धरते याचीही किमान अट आहे: २० ला २.६, ३० ला २.९ मिलिपास्कल-सेकंद. पहिला आकडा लहान म्हणून ऑइल पातळ, हा समज यामुळेच टिकत नाही. ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही गरम इंजिनात जवळजवळ सारखीच दाट असतात.

ऊन आणि जाड ऑइल. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. मग ‘आथं ऊन गह्यरं शे’ (इथे ऊन फार आहे) म्हणत कंपनीने सांगितलेले ०डब्ल्यू-२० बाजूला राहते आणि नव्या छोट्या पेट्रोल गाडीत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ओतले जाते. तर्क ऐकायला सरळ आहे, पण इंजिनाला लागू पडत नाही. चालत्या इंजिनातले ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असते. हे तापमान मुख्यतः आतले ज्वलन, इंजिनावरचा भार, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठरवतात. थर्मोस्टॅट ही झडप कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, जानेवारीत आणि मेमध्ये जवळपास एकाच तापमानाला धरून ठेवतो. बाहेर दहा अंश चढले म्हणून आतले ऑइल दहा अंशांनी चढत नाही.

आकडे पाहिले तर गोष्ट उलटीच निघते. सर्वसाधारण ५डब्ल्यू-३० ची श्यानता १०० अंशांवर दहा-अकरा सेंटिस्टोक असते, ४० अंशांवर मात्र साठच्या आसपास. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी उघड्यावर तापलेल्या गाडीतसुद्धा, चावी फिरवण्याच्या क्षणी, ऑइल कामाच्या दाटपणापेक्षा सुमारे पाचपट दाट असते. २०डब्ल्यू-५० चा ४० अंशांवरचा आकडा सहसा दीडशेच्या वर जातो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि सातपुड्यात तोरणमाळ-डाबकडे दव गोठते, तेव्हा हे अंतर आणखी वाढते. खान्देशात २०डब्ल्यूच्या ऑइलने गाडी सुरू होणार नाही असे नाही, ती होतेच. प्रश्न ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, किती लवकर पोहोचते याचा आहे. नव्या इंजिनांत ऑइलच्या वाटा बारीक असतात. व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्याच दाबावर चालते. तिथे जाड ऑइल घालणे म्हणजे ॲव्हरेज घालवून वर इंजिनाला उशिरा तेल देणे.

तरीही ‘जाड नकोच’ असा नियम करणे बरोबर नाही. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हवेच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. तिथे खान्देशासाठी दाट बाजूची ग्रेड घेणे शहाणपणाचे. जुन्या डिझेल जीप, पिकअप आणि ट्रॅक्टरची इंजिने १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० गृहीत धरूनच बनवलेली आहेत, त्यांना ते द्यावे. चाळीसगावहून कन्नडचा घाट, किंवा धुळे-सुरत रस्त्यावरचा कोंडाईबारी घाट भरल्या गाडीने वारंवार चढायचा असेल तर ऑइल खरोखरच नेहमीपेक्षा जास्त तापते. मात्र त्यावर पहिला इलाज ग्रेड वाढवणे हा नसून रेडिएटरच्या जाळीत बसलेली धूळ, पाला आणि किडे साफ करणे हा आहे. पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल पिणाऱ्या इंजिनात जाड ऑइल टाकले की धूर काही महिने कमी दिसतो. तेवढ्या काळात इंजिनाच्या कामासाठी पैसे जमवावेत.

दर्जा. ग्रेड बरोबर आणि दर्जा चुकीचा, ही चूक आता जास्त महाग पडते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) पेट्रोल इंजिनांसाठी एस आणि डिझेलसाठी सी या अक्षराने दर्जा देते. पेट्रोलमध्ये एसएन २०१० चा, एसपी मे २०२० चा. टर्बो आणि थेट इंधन-फवारणी असलेल्या इंजिनांत कमी वेगावर, भाराखाली, ठिणगी पडण्याआधीच ज्वलन होऊन पिस्टन फुटण्याचा धोका असतो. एसपीच्या चाचण्यांत तो आणि टायमिंग चेनची झीज, दोन्ही धरलेले आहेत. पेट्रोलमध्ये नवा दर्जा जुन्या गाडीला सहसा चालतो, जुना दर्जा नव्या गाडीला नाही.

डिझेलमध्ये प्रकरण नाजूक आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुरावरचे कडक नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, सर्रास आला. काजळी त्यात जळून जाते, पण ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही, साचत राहते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. युरोपीय एसीईए वर्गवारीतील सी३ मध्ये राखेची कमाल मर्यादा ०.८ टक्के आहे. शेतातल्या ट्रॅक्टरसाठी आणलेल्या पिंपातले ऑइल याच अंगणातल्या बीएस-६ एसयूव्हीत घालणे ही खान्देशातील घरगुती काटकसर फिल्टरच्या किमतीत वसूल होते.

डीपीएफची दुसरी भानगड रोजच्या फेऱ्यांची. गाव ते तालुका, आठ-दहा किलोमीटर जाऊन गाडी बंद, अशा वापरात फिल्टर साफ होण्याची क्रिया अर्धवट राहते. त्यासाठी जादा फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरते आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसते. ऑइल वाढले म्हणून खूश होऊ नये. ते पातळ झालेले असते आणि बदलावेच लागते. अधूनमधून पारोळा-एरंडोल मार्गासारख्या मोकळ्या महामार्गावर एका वेगात गाडी पळवली तर हा त्रास बराच टळतो.

खनिज, सिंथेटिक. फरक मूळ तेलाचा. सिंथेटिक उष्णतेत कमी ऑक्सिडाइझ होते आणि दाटपणा जास्त काळ टिकवते. बाजारातले बरेचसे ‘सिंथेटिक’ खनिज तेलावरच हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेले असते, यात फसवणूक काही नाही. टर्बो गाडीला ते घ्यावे. जुन्या, साध्या इंजिनात खनिज तेल वेळेवर बदलले तर पुरते.

बदलण्याचा काळ. उन्हाची चर्चा जितकी होते तितकी धुळीची होत नाही, आणि खान्देशात इंजिन खाते ती धूळ. रावेर-यावलच्या केळीबागांमधले कच्चे रस्ते, कपाशीच्या शेतातल्या काळ्या मातीच्या वाटा, महामार्गांची कामे यांतली वाळूची कणी एअर फिल्टरच्या फटीतून आत गेली की रिंगा आणि सिलिंडर घासते. कोणतेही महागडे ऑइल ते थांबवत नाही. बहुतेक कंपन्या गाडीला दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असा काळ देतात. पण त्याच पुस्तिकेत धूळ, ओझे, आखूड फेऱ्या आणि तासन्तास उभ्या गाडीत चालू इंजिन यांसाठी ‘कठीण वापर’ असा वेगळा काळ असतो, अनेकदा निम्म्याच्या आसपास. इथल्या पुष्कळ गाड्या या दुसऱ्या रकान्यात बसतात. ऑइल बदलताना ऑइल फिल्टरही बदलावा, आणि एअर फिल्टर झटकून पुन्हा बसवण्याची सवय सोडावी.

रंगावरून निदान करू नये. डिझेल गाडीतले नवे ऑइल थोड्याच अंतरात काळे होते. काजळी तरंगत ठेवणे हे त्याचे कामच आहे. सीएनजीवर मात्र ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते, पण जास्त उष्णतेने आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी ते आतून जुने होत असते, म्हणून तिथे किलोमीटरच मोजावेत. मोटारसायकलचे ऑइल गाडीत किंवा गाडीचे मोटारसायकलमध्ये घालू नये. मोटारसायकलचा क्लच बहुधा त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि गाडीच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरू शकतो. त्यासाठी जासो एमए हा वेगळा जपानी दर्जा आहे.

खरेदी आणि जुने ऑइल. सुटे ऑइल स्वस्त पडते, पण त्याची ग्रेड व दर्जा विकणाऱ्याच्या शब्दावर असतो. सीलबंद कॅनवर ग्रेड, एपीआय किंवा एसीईए दर्जा, बॅच क्रमांक आणि तारीख पाहावी. रिकामा कॅन भंगारात देताना भोक पाडून द्यावा, म्हणजे त्यात पुन्हा भेसळीचा माल भरला जात नाही. काढलेले काळे ऑइल बैलगाडीच्या आसाला, दारे-खिडक्यांना वाळवीसाठी किंवा रहाटाला लावण्याची रीत गावोगाव आहे. या तेलात झिजलेला धातू आणि कर्करोगकारक संयुगे असतात, त्यामुळे ते उघड्या हातांनी लावू नये. नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतणे तर त्याहून वाईट. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. गाडीवाल्याला त्याचा सोपा मार्ग म्हणजे ऑइल घरी न बदलता, पिंपात साठवून उचलायला देणाऱ्या गॅरेजवर बदलणे.