एआय वापरायला आधी कोडिंग शिकावं लागतं?

“कोडिंग येत नसेल तर एआय आल्यावर ऑफिसात तुमचं काही काम नाही,” असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. वाचून धास्ती वाटणं साहजिक आहे, पण तो अर्धवट आहे.

एआयची साधनं बनवणाऱ्याला कोडिंग लागतं. वापरणाऱ्याला साध्या मराठीत काम सांगता येतं. खरी अडचण पुढेच: चॅटबॉट चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो, आणि ती चूक पकडायला त्या कामाची जाण लागते.

अकाउंट्सचं घ्या. विकणारा आणि घेणारा, दोघांचे जीएसटी क्रमांक २७ने सुरू होतात, म्हणजे दोघांची नोंदणी महाराष्ट्रातली. माल राज्यातच पोचला. तरी चॅटबॉटने केलेल्या नोंदीत आयजीएसटी, म्हणजे सहसा दोन राज्यांमधल्या विक्रीवर लागणारा जीएसटी? मुरलेल्या अकाउंटंटची नजर तिथेच अडते, कारण इथे सहसा केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी निम्मा-निम्मा लागतो. (घेणारा एसईझेडमधला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातला, असेल तर आयजीएसटीच बरोबर, हेही त्यालाच ठाऊक.)

स्वतः पडताळून पाहा. तपासून झालेलं जुनं बिल घ्या, नावं झाका, क्रमांकांचे पहिले दोन अंक तेवढे ठेवा, चॅटबॉटला नोंद करायला सांगा आणि मूळ नोंदीशी ताडून बघा. ऑफिसची परवानगी मात्र आधी घ्या.

नुसते आकडे उतरवण्याचं काम कमी होईल, हे खरं. म्हणून प्रशिक्षण ठरवताना पदांची नव्हे, कामांची यादी करावी: यंत्राला काय द्यायचं, तपासणार कोण, सही कोणाची. सरसकट सगळ्यांना पायथॉन या कोडिंगच्या भाषेच्या वर्गात बसवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.