मधुमेहींच्या आहारातील अंडी (कोल्हापूर)

मधुमेहाच्या पथ्यात प्रथिनांसाठी कोंबडीची अंडी खाण्याची पद्धत. सुमारे ५० ग्रॅमच्या एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि जेमतेम अर्धा ग्रॅम कर्बोदके असतात. उष्मांक ७० च्या आसपास. नुसत्या अंड्याने रक्तातली साखर फारशी हलत नाही. कोल्हापुरात ती हलते ती अंड्याबरोबर ताटात जे येते त्याने.

संध्याकाळी लागणाऱ्या गाड्यांवरची भुर्जी बघावी. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची तेलात परतून त्यावर अंडी फोडतात, आणि भुर्जी उतरली की तव्यावर राहिलेल्या तेलाबटरातच ब्रेडच्या स्लाइस दाबून शेकतात. दोन अंड्यांतून कर्बोदके येतात एक-दीड ग्रॅम, दोन स्लाइसमधून साधारण २५ ते ३०. दोन स्लाइसवर थांबणारे गिऱ्हाईक विरळाच. ब्रेड सोडून ज्वारीची भाकरी धरली म्हणजे सुटलो, असेही नाही. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, आणि घरची भाकरी बहुधा याहून दांडगी असते. तिच्यात तंतू जास्त, एवढी जमेची बाजू. आधी अंडी व कोशिंबीर आणि मग भाकरी किंवा भात, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे प्रयोगांत आढळले आहे.

घरचा अंडा रस्सा कांदा-लसूण चटणी आणि सुक्या खोबऱ्याच्या वाटणावर होतो. यातली कर्बोदके थोडी; प्रश्न येतो खोबऱ्यातल्या संपृक्त स्निग्धांशाचा, वर तरंगणाऱ्या तेलाच्या तवंगाचा म्हणजे कटाचा आणि मिठाचा. मधुमेहाच्या जोडीला रक्तदाब असणाऱ्यांना तो जास्त भोवतो. कट बाजूला सारून जेवा, हे कोल्हापूरकराला सांगणे जिवावर येते, तरी सांगावे लागते.

बलकाबद्दलची भीती कोलेस्टेरॉलमुळे आहे. एका अंड्यातले सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल सगळे बलकात असते. अमेरिकी आहार मार्गदर्शिकेने २०१५ पासूनच्या आवृत्तीत रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत टाइप २ मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था असलेल्यांना तीन महिने आठवड्याला १२ अंडी दिली गेली. आठवड्याला दोनहून कमी अंडी खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या रक्तातील चरबीत लक्षणीय फरक पडला नाही. लोकांच्या आहाराची वर्षानुवर्षे नोंद ठेवणाऱ्या काही अभ्यासांत मात्र मधुमेहींनी जास्त अंडी खाणे आणि हृदयविकार यांचा संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. म्हणून रोज एखादे अंडे बहुतेकांना चालावे. कोलेस्टेरॉल आधीच वाढलेले असेल तर डॉक्टरांना विचारून. बलक सरसकट फेकणे तोट्याचेही ठरते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व घटू शकते, आणि अंड्यातले ब-१२ मुख्यतः बलकातच असते.

गावठी अंड्याला बाजारात भाव जास्त, पण साखरेच्या हिशेबात ते आणि पोल्ट्रीचे सारखेच. दुधात कच्चे अंडे फेटून पिण्याची सवय सोडलेली बरी: साल्मोनेला या जंतूंचा धोका राहतो आणि कच्ची प्रथिने शिजवलेल्यांइतकी पचतही नाहीत.

जैन आणि लिंगायत घरांत अंडे नसतेच. इतर अनेक घरांत सोमवारी आणि श्रावणभर ते बंद असते. नुसता वार पाळायचा असेल तर मटकीची उसळ आणि ताक ही उणीव बऱ्यापैकी भरून काढतात. उपवास असेल तर पंचाईत होते, कारण अंड्याच्या जागी साबुदाणा येतो आणि तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. दाण्याचे कूट वाढवून, साबुदाणा कमी करून, सोबत दही घेऊन थोडाफार सावरता येतो.

मूत्रपिंडावर परिणाम झालेल्यांनी अंड्यांची संख्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. इन्सुलिनमुळे किंवा गोळ्यांमुळे साखर उतरून घाम, थरथर सुटली तर अंडे कामाचे नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी.