पिवळी नंबरप्लेट, पांढरी नंबरप्लेट: एका हौद्याच्या दोन गोष्टी

सीझनमध्ये नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे निघालात की वाटेत पिकअपच पिकअप. क्रेट शिगोशीग रचलेले, वरून दोर आवळलेले, मागचे पाटे पार सपाट झालेले. या रांगेत कुणी टोयोटा हायलक्स आणून उभी केली, तर लोक कौतुकाने बघतील, टायरला हात लावतील आणि मग हमखास विचारतील, माल किती बसतो? पाच माणसं बसवल्यावर अर्ध्या टनाच्या आत, हे उत्तर ऐकलं की कौतुक तिथेच संपेल.

हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसचा विषय निघाला की गाडीवेड्यांच्या कट्ट्यावर एक वाक्य ठरलेलं असतं: "भारतात पिकअप एवढ्या खपतात, मग ही का खपू नये?" त्यात चूक अशी की ते दोन वेगळ्या वस्तूंना एकाच नावाने मोजतं. उघडा हौदा दोघींनाही आहे, पाटेही दोघींना आहेत. पण एक कमावते आणि दुसरी खर्चाला लावते. हे लक्षात न घेता वर्तवलेलं भविष्य चुकणारच.

आकडे बघा. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप एप्रिल २०२३ मध्ये आली तेव्हा सुरुवातीची किंमत होती ७.८५ लाख. हायलक्स मार्च २०२२ मध्ये आली ती ३३.९९ लाखांना. एका हायलक्सच्या पैशात चार मॅक्स येतात आणि वर डिझेलला उरतात. मॅक्सच्या वरच्या श्रेणीत हौदा ३,०५० मिमी, म्हणजे दहा फूट, आणि वजन दोन टनांपर्यंत. हायलक्स एकूण ५,३२५ मिमी लांब, पण त्यातली बरीच लांबी दोन ओळींच्या केबिनने खाल्लेली. हौदा उरतो पाचेक फुटांचा. ताकदीत मात्र पारडं उलटं: मॅक्सच्या अडीच लिटरच्या इंजिनातून ८० अश्वशक्तीपर्यंत, हायलक्सच्या २.८ लिटरमधून २०४. जी कमी ओढते तिला अडीचपट ताकद! वेडेपणा वाटेल, पण कामच वेगळं आहे. एकीला भरलेला हौदा घेऊन बाजार गाठायचा आहे. दुसरीला रिकाम्या हौद्याने नदी ओलांडायची आहे.

हे रिकाम्या हौद्याचं प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. साध्या पिकअपला जोर मागच्या चाकांत आणि वजन पुढे, इंजिनवर. हौदा भरलेला असतो तेव्हा मागची चाकं जमीन घट्ट धरतात. रिकामी असताना, पावसाळ्यात, शेतरस्त्याच्या चिखलात तीच गाडी बारीकशा चढावर जागच्या जागी चाक फिरवत बसते. हौद्यात वाळूची दोन पोती टाकणं हा त्यावरचा जुना उपाय. हायलक्सकडे आणि व्ही-क्रॉसच्या वरच्या मॉडेलांत फोर बाय फोर (चारही चाकांना जोर) आणि लो रेंज (हळू वेगात जादा जोर देणारा गिअर) असते ती नेमकी याच अडचणीसाठी. म्हणून "ऑफ-रोड पिकअप" म्हणजे "मोठी पिकअप" नव्हे. ती वजनाचं गणित सोडून पकडीचं गणित सोडवायला बसलेली गाडी आहे.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो इसुझूच्या शोरूममध्ये. आंध्र प्रदेशातल्या श्रीसिटीच्या कारखान्यातून २०१६ पासून दोन्ही प्रकार बाहेर पडतात. डी-मॅक्स एस-कॅब आणि व्ही-क्रॉस शेजारी उभ्या असल्या तर सवय नसलेल्याला फरक कळत नाही. दोघींत पाच माणसं बसतात, दोघींचा चेहरा जवळपास सारखा. पण एस-कॅब व्यावसायिक. तिचं इंजिन अडीच लिटरचं आणि ताकद ७८ अश्वशक्ती. व्ही-क्रॉसचं इंजिन १.९ लिटरचं, तिची ताकद १६३. आणि खरा फरक नंबरप्लेटच्या रंगाचा: एस-कॅबला पिवळी, व्ही-क्रॉसला पांढरी.

रंग बदलला की सगळं बदलतं. पिवळ्या प्लेटच्या गाडीला फिटनेस प्रमाणपत्र लागतं, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पांढरीची नोंदणी एकदा केली की १५ वर्षं बघायला नको. उलट पांढरीत भाड्याचा माल भरता येत नाही. फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला मिळतो. टोलनाक्यावर मात्र हौदा दिसला की गाडी मालवाहू, असा समज पक्का, त्यामुळे पांढऱ्या प्लेटच्या पिकअपवाल्याला हलक्या व्यावसायिक वाहनाचा जादा टोल का कापला म्हणून आरसी दाखवत हुज्जत घालावी लागते. (सोसायटीच्या गेटवरही तेच. वॉचमन आधी विचारतो, सामान कुठल्या फ्लॅटला?) परवान्याचा घोळ तेवढा मिटला: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं.

करातही दरी आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला १५ टक्के कर बसतो. ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाडीसाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात ७ टक्के एकरकमी कर जाहीर झाला. वर जीएसटी: सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांना १८ टक्के, मोठ्या खासगी डिझेल गाड्यांना ४०. थायलंडशी तुलना करा. तिथे पिकअपवर मोटारीपेक्षा खूप कमी अबकारी कर. म्हणून माणसं पिकअपच घरची गाडी म्हणून घेतात, कंपन्या तिथे कारखाने काढतात, आणि डी-मॅक्ससारख्या गाडीचा जन्मही तिथलाच. आपल्याकडे हौशी पिकअपवाल्याला सरकार श्रीमंत समजतं, टोलनाका टेम्पोवाला.

आता भविष्य. मालवाहू पिकअपचं फार लांबवायला नको. भाडं मिळतंय, हप्ता फिटतोय, शेतमाल आणि किराणा हलतोय तोवर ती खपणार. डिझेलऐवजी सीएनजी किंवा बॅटरी येईल, हौदा तोच राहील.

ऑफ-रोड पिकअपचं तसं नाही, आणि तिचा इतिहास आपल्या पुण्यातच सुरू होतो. टाटांची टाटामोबाइल ही पिकअप १९८८ ची. त्याच सांगाड्यावर १९९१ मध्ये सिएरा आली आणि तिची हवा झाली. म्हणजे पिकअपवर छप्पर घातलं तेव्हा हौशी गिऱ्हाईक आलं. पुढे टाटांनी झेनॉन आणून पाहिली, महिंद्राने स्कॉर्पिओ गेटअवे. दोन्ही चांगल्या गाड्या होत्या, दोन्ही बंद झाल्या. माझ्या मते गिऱ्हाइकाने तेव्हाच निकाल दिला होता: एवढे पैसे देतो तर आजी-आजोबांना सीट दे, हौदा नको.

हायलक्सला तोच निकाल पुन्हा ऐकावा लागला. तिची सख्खी बहीण फॉर्च्युनर दर महिन्याला हजारोंनी जाते. हायलक्स आली तेव्हा सगळ्यात स्वस्त फॉर्च्युनर तिच्यापेक्षा कमी किमतीत मिळत होती, तेही सात सीट आणि गावात मिळणाऱ्या मानासकट. वर्षभरात टोयोटाने हायलक्सच्या मूळ मॉडेलची किंमत साडेतीन लाखांनी उतरवली. बाजार कुणीकडे झुकलाय हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

शिवाय ज्याला चिखलातच जायचं आहे त्याच्यासमोर नाशिकची थार उभी आहे. थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,४५० मिमी, हायलक्सचा ३,०८५. घाटातल्या आखूड वळणावर किंवा बांधावरून जाताना पोट टेकतं की नाही, हे या दोन आकड्यांतल्या फरकावर बरंचसं ठरतं. लांब पिकअपचा खरा फायदा चिखलात कमी, लांब मोहिमेत जास्त: तंबू, जादा डिझेल, दोन मोटारसायकली, आठवड्याचा शिधा. लडाखला जाणारे, स्वतःच्या बागेत रोज उतरणारे बागायतदार, रॅलीवाले, एवढंच तिचं गिऱ्हाईक. लष्करानेही २०२३ मध्ये हायलक्स उंचावरच्या थंडीत तपासून पाहिली होती. तिथली मागणी वाढली तर वेगळी गोष्ट.

पण "विक्री कमी म्हणून गाडी बंद होणार" हेही घाईचं आहे. हायलक्स भारताच्या जिवावर जगत नाही. ऑस्ट्रेलियात ती २०१६ ते २०२२ सलग सगळ्यात जास्त खपणारी गाडी होती. श्रीसिटीतून इसुझूच्या पिकअप मध्यपूर्वेतही जातात. जगभर लाखांनी बनणाऱ्या गाडीच्या काही शेकडा इथे विकणं कंपनीला जड जात नाही. खरा धोका बंद होण्याचा नाही, शिळं होण्याचा आहे. नवी डी-मॅक्स थायलंडमध्ये २०१९ मध्ये आली, आपल्याकडे तिचीच व्ही-क्रॉस आवृत्ती पुढेही आधीच्याच पिढीची विकली जात राहिली. छोट्या बाजारासाठी नवे साचे, नव्या चाचण्या हा खर्च कोण करणार? छंदाच्या गिऱ्हाइकाला मात्र पंचतारांकित किमतीत दहा वर्षांपूर्वीचा डॅशबोर्ड टोचतो.

हे गणित बदलू शकेल तर ते महिंद्रा. ऑगस्ट २०२३ मध्ये केपटाउनला त्यांनी स्कॉर्पिओ-एनच्या पायावरची ग्लोबल पिकअप दाखवली. स्कॉर्पिओ-एन चाकणला बनते, तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, मेकॅनिकला ती तोंडपाठ. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात पिकअपवाली म्हणून महिंद्राची ओळख आधीच आहे, त्यामुळे भारतातला खप हा तिच्यासाठी वरकमाईच. हायलक्सपेक्षा खूप खाली, स्कॉर्पिओ-एनच्या आसपास किंमत ठेवली तर पांढऱ्या प्लेटची पिकअप पहिल्यांदा हजारांच्या आकड्यात मोजावी लागेल असं मला वाटतं. २५ लाखांच्या वर गेली तर बंद पडलेल्या गेटअवेच्या शेजारी अजून एक फोटो.

तोवर कुणी घ्यायला निघालंच असेल, तर टोकन देण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा: आरसीवर वाहनाचा वर्ग काय येणार, खासगी की मालवाहू? ब्रोशरवर सगळ्याच डोंगरात उभ्या असतात.