पार्श्वभूमी : रिसीव्हर, स्पीकर आणि ‘मॅचिंग’चा घोळ

विदर्भातल्या खेड्यात आवाजाचं गणित घरात शिरलं ते माइकवाल्याकडून. लग्न असो, भागवत सप्ताह असो की झाडीपट्टीतलं नाटक, भोंगे चालायचे 100 व्होल्टच्या लाइनवर. प्रत्येक युनिटला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर आणि हिशेब सरळ बेरजेचा : 100 वॅटच्या अँपला (अँप्लिफायरला) 25 वॅटच्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या ठरावीक जोडणीवर) चार भोंगे, पाचवा नाही. त्याच्याही आधी व्हॉल्व्हच्या अँपला 4, 8, 16 ओहमचे (ओहम म्हणजे वीजरोधाचं माप) वेगळे टॅप असत आणि 8चा स्पीकर 8लाच जोडायचा असे. त्या काळी मॅचिंग म्हणजे खरोखरच जुळवणी होती.

ट्रान्झिस्टर आला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला, शब्द मात्र चिकटून राहिला. हा अँप व्होल्टेज जवळपास कायम धरतो; करंट किती ओढायचा ते स्पीकरचे ओहम ठरवतात. म्हणून आकडे सारखे असण्याची गरज नाही, फक्त खालची मर्यादा ओलांडायची नाही. पाठीमागे ‘6 ते 16 ओहम’ छापलेल्या रिसीव्हरला (टीव्ही-डीव्हीडीचा आवाज घेऊन स्पीकर चालवणाऱ्या अँपला) 8चा स्पीकर चालतो. 16चाही चालतो, आवाज थोडा दबतो इतकंच. डीव्हीडीसोबत खोक्यात आलेल्या तयार संचांचे छोटे स्पीकर मात्र बरेचदा 3 किंवा 4 ओहमचे निघतात. ‘पडूनच आहेत’ म्हणून ते नव्या रिसीव्हरला लावले की तासाभरात पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ (स्वतःला वाचवायला बंद पडल्याची खूण) येतं. 8 ओहमच्या दोन पेट्या एकाच चॅनलवर समांतर जोडल्या तरी रिसीव्हरला 4च दिसतात.

काही रिसीव्हरना मागे ओहम निवडायचा स्विच असतो. त्यावरून जाणकारांतही जुंपते. तो खाली केल्याने जुळवणी सुधारत नाही. आतला व्होल्टेज कमी होतो, ताकद घटते आणि उष्णता आवरते. ‘हातच लावू नका’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा 8 ओहमच्या स्पीकरपुरता बरोबर आहे. पण टिनाच्या छपराखाली, बाहेर 45 अंश असताना 4 ओहमच्या पेट्या चालवायच्या असतील तर स्विच खाली केलेलाच बरा. वर चार-सहा इंच मोकळी जागा हवीच. रिसीव्हरवर सेट-टॉप बॉक्स ठेवायची सवय इथेच नडते.

दुसरा घोळ वॅटचा. अमेरिकेत अँपच्या वॅटच्या दाव्यांसाठी 1974 सालीच नियम झाला होता. आपल्याकडच्या खोक्यांवर 1990 नंतरही पीएमपीओचे (क्षणिक कमाल ताकदीचे) हजार-पंधराशे वॅट झळकत राहिले. या आकड्याला ठरलेली व्याख्याच नव्हती. आत बहुधा 12-0-12चा (दोन टोकांत 24 व्होल्टचा) 5 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे 24 गुणिले 5, सगळे मिळून 120 व्हीए (व्होल्ट-अँपिअर). सततचा आवाज त्याच्या निम्म्याच्या आसपास. खोका विसरा, पाठीवरच्या पट्टीवर वीज किती खातो ते वाचा.

भारनियमनाच्या काळात 4440 आयसीचा (अँपच्या चिपचा) बोर्ड ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. ब्रिज जोडणीत (दोन्ही चॅनल मिळून एक) 4 ओहमला 19 वॅट. आज 3116 चिपचा छोटा बोर्ड ‘100 वॅट’ म्हणून मिळतो. त्याला 12 व्होल्टचा अडॅप्टर दिला तर 4 ओहमला एका चॅनलचे सुमारे 18 आणि 8 ओहमला 9 वॅट. आयसी बदलली, 12 व्होल्टची मर्यादा तीच. खरी ताकद हवी असेल तर 24 व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा अडॅप्टर घ्यावा लागतो.

स्पीकरवरचे वॅट म्हणजे पेटी किती सोसते तेवढंच. 60 वॅटची पेटी 100 वॅटच्या रिसीव्हरवर आवाज न फाटता वर्षानुवर्षं चालते. उलट 15 वॅटचा अँप पूर्ण पिळला की लहरीची टोकं कापली जातात आणि आधी ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) उडतो. आवाज किती मोठा येईल हे सेन्सिटिव्हिटीवर (ठरावीक ताकदीला पेटी किती आवाज देते त्यावर) जास्त ठरतं : 86 डेसिबलच्या पेटीला 91च्या पेटीइतका आवाज द्यायला तिप्पट वॅट लागतात. त्यात संध्याकाळी गावात व्होल्टेज 230वरून 195वर आला, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपची ताकद पाऊण वाट्याहूनही खाली येते. कमी बजेटमध्ये जास्त सेन्सिटिव्हिटीची पेटी घेणं जास्त वॅटच्या रिसीव्हरपेक्षा स्वस्त पडतं.

पुढे तारांचं जंजाळ बदललं. एचडीएमआयमध्ये एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच तारेनं रिसीव्हरकडे परत नेणं) 2009 साली आलं, त्याची सुधारित आवृत्ती ईएआरसी 2017 साली. घरगुती अॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा डॉल्बीचा आवाज) 2014चं. खेड्यातल्या बजेटला यातलं थोडंच लागतं. एचडीएमआय नसलेला जुना रिसीव्हर ऑप्टिकल तारेनं डॉल्बी 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) घेतो. डिसेंबर 2004मध्ये सुरू झालेल्या सरकारी मोफत डिशवर मुख्यतः दोनच चॅनलचा आवाज येतो, त्यामुळे पहिला पैसा पुढच्या दोन पेट्यांवर घालावा. मागचे स्पीकर पुढच्या हंगामात आले तरी चालतं. तार 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी. बारीक अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार 10 मीटर ओढली तर जाऊन-येऊन पाऊण ओहमपेक्षा जास्त भर पडते. 4 ओहमच्या स्पीकरला तो जवळपास पाचवा हिस्सा झाला.

जुनी पेटी घेताना मल्टिमीटर लावावा. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 6.5 दाखवतो, 4चा 3.2 ते 3.5. मीटर कॉईलच्या तारेचा डीसी रोध मोजतो आणि तो छापील आकड्यापेक्षा कमीच असतो, त्यामुळे ‘डुप्लिकेट आहे’ म्हणून चांगली पेटी परत करू नये.