क्रोशाची पिशवी का लोंबते?

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यानंतर कापडी आणि विणलेल्या पिशव्यांना पुन्हा मान मिळाला. परभणी-नांदेडकडच्या बचत गटांच्या प्रदर्शनांतही क्रोशाच्या पिशव्या दिसतात. गिऱ्हाईक पिशवी हातात घेते, दोन्ही बंद धरून तिला खाली ओढून पाहते आणि ती दोन-तीन बोटे लांबली की ‘दोरा कच्चा दिसतो’ असा निकाल देऊन परत ठेवते. विणणारीलाही ते पटते, आणि पुढच्या खेपेस ती अधिक जाड व अधिक महाग दोरा आणते. पिशवी तरीही लोंबते. या सगळ्यात दोऱ्यावर अन्याय होतो आहे, असे माझे मत आहे. क्रोशाची पिशवी लांबते ती दोरा ताणला जातो म्हणून नव्हे, तर दोऱ्याचे फासे आपला आकार बदलतात म्हणून. आणि त्यांना आकार बदलता येईल की नाही, हे दोऱ्यांमधील मोकळी जागा व घर्षण या दोन गोष्टी ठरवतात.

आधी साधा हिशेब करू. बाजाराच्या पिशवीत पाच किलो ओझे असले, तर तिच्यावर सुमारे ५० न्यूटन बल असते. पिशवीचा घेर ८० सेंटिमीटर असेल आणि एका सेंटिमीटरात दोन टाके बसत असतील, तर घेरात टाक्यांचे १६० उभे स्तंभ झाले. ओझे सर्वांत सारखे वाटले गेले असे धरले, तर एका स्तंभाच्या वाट्याला जेमतेम ३१ ग्रॅम येतात. चार पदरी सुती दोरा काही किलो वजन पेलतो, त्यामुळे ३१ ग्रॅमने त्याची लांबी एक टक्कादेखील वाढत नाही. पिशवी मात्र चांगली वीतभर खाली येते. ही लांबी आली कुठून?

शाळेतला समभुज चौकोन येथे उपयोगी पडतो. चार सारख्या काड्या टोकांना सैल खिळवून त्यांचा चौरस करावा आणि समोरासमोरची दोन टोके धरून ओढावे. काडीची लांबी १ असेल, तर चौरसाचा कर्ण १.४१ असतो आणि पूर्ण ओढल्यावर तो जवळजवळ २ होतो. काड्या तसूभरही न ताणता ४१ टक्के लांबी मिळाली, आणि तिची किंमत म्हणून रुंदी नाहीशी झाली. विणकामातील प्रत्येक फासा थोड्याफार फरकाने हाच खेळ खेळतो. गोलसर फासा उभा ओढला की अरुंद आणि लांबट होतो, आणि शेकडो फाशांची ही लहान लहान वाढ एकावर एक साचत जाते. भरलेली पिशवी वरच्या बाजूला आवळलेली दिसते याचे कारण हेच आहे. तळाशी सामान असल्यामुळे तेथील फाशांना अरुंद होता येत नाही, वर मात्र त्यांना अडवणारे कोणी नसते.

पैठणच्या मागावर विणलेले कापड असे लांबत नाही, कारण त्यात ताण्याचे आणि बाण्याचे धागे जवळजवळ सरळ असतात आणि सरळ धाग्याला आणखी सरळ करता येत नाही. तेच कापड तिरके धरून ओढले, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेने, की तेही लांबते. तेथेही पुन्हा समभुज चौकोनच काम करत असतो.

आता या विषयातील माझा सर्वांत आवडता भाग. फासा आकार बदलतो तेव्हा दोरा एका वळणातून दुसऱ्या वळणात सरकावा लागतो, आणि या सरकण्याला विरोध होतो तो दोऱ्याला दोरा घासल्यामुळे. गोल वस्तूभोवती गुंडाळलेल्या दोराच्या घर्षणाचा नियम ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडला. दोराच्या एका टोकाला थोडा ताण देऊन धरले, तर दुसऱ्या टोकाला त्याच्या किती पट ओढ सहन होईल, हे दोन गोष्टींवर ठरते: घर्षणाचा गुणांक, ज्याला म्यू म्हणतात, आणि दोराने घेतलेल्या वळणाचा एकूण कोन. म्यू आणि रेडियनमधील कोन (अर्धा वळसा म्हणजे ३.१४ रेडियन) यांचा गुणाकार करायचा आणि २.७१८ या संख्येला तेवढा घात द्यायचा, की ती पट मिळते. खांबाची जाडी या सूत्रात कोठेच येत नाही, महत्त्व आहे ते वळणाला.

सुती दोऱ्यासाठी म्यू ०.३ धरू. अर्ध्या वळशाला ही पट सुमारे २.६ येते, पूर्ण वळशाला ६.६ आणि दीड वळशाला जवळजवळ १७. वळसे बेरजेने वाढतात, पण पकड गुणाकाराने वाढत जाते. विहिरीच्या रहाटाचा दोर लाकडाला दोन-तीन वेढे देऊन एका हाताने धरता येतो, तो याच गणिताच्या जोरावर. उलट बाजूनेही हे सूत्र तितकेच कठोर आहे. दोरा गुळगुळीत असल्यामुळे म्यू ०.३ ऐवजी ०.२ झाला, तर दीड वळशाची पकड १७ वरून एकदम ६.६ वर येते. मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून चकचकीत केलेल्या सुती दोऱ्याची पिशवी दिसायला देखणी असली तरी अधिक सरकते, यामागे बहुधा हेच आहे. काटेकोरपणे सांगायचे तर तंतूंच्या बाबतीत म्यू स्थिर नसतो, दाब वाढला की तो थोडा घटतो, आणि दोरा काही घट्ट खांबाभोवती नाही तर स्वतःसारख्याच दबणाऱ्या दोऱ्याभोवती वळलेला असतो. त्यामुळे वरील आकडे तंतोतंत मानू नयेत. वाढीची रीत मात्र तीच राहते. (ग्रहणात गरोदर बाईने सुई हातात धरू नये, असे आपल्याकडे अजूनही निक्षून सांगितले जाते. चंद्राची सावली पडली म्हणून या सूत्रातील एकही संख्या बदलत नाही, आणि पोटातल्या बाळाला त्या सुईचा पत्ताही नसतो.)

हेच घर्षण दोऱ्याच्या आतही आहे. कापसाचा एक तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो आणि त्याची रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी भरते. अशा बोटभर तंतूंपासून मैलभर दोरा होतो तो केवळ पिळामुळे. बोंड उकलल्यावर तंतू वाळतो, आतली पोकळी मिटते आणि तो चपट्या, जागोजागी मुरडलेल्या फितीसारखा होतो. या मुरडींमुळे तंतू एकमेकांना धरतात, आणि पिळलेला दोरा ओढला की बाहेरचे तंतू आतल्यांना अधिकच आवळतात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८४ साली दिलेल्या ‘नांदेड-४४’ या संकरित वाणाने मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला अनेक वर्षे हात दिला. वाण कोणताही असो, पऱ्हाटीवरच्या त्या तंतूचा हा मुरडलेला स्वभाव पिशवीच्या फार उपयोगी पडतो. याउलट बाजारात ‘पर्यावरणपूरक विणलेली पिशवी’ अशी चिठ्ठी लावून अ‍ॅक्रिलिकच्या पिशव्या विकल्या जातात. अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिकच आहे, आणि ते धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. तिला खुशाल पिशवी म्हणावे, पण पर्यावरणाचे नाव त्यात ओढू नये.

एवढे समजले की पिशवीसाठी कोणता टाका घ्यावा, हा प्रश्न सोपा होतो. क्रोशातला ‘खांब’ नावाचा टाका उंच असतो, दोन खांबांमध्ये फट राहते आणि त्या फटीत दोऱ्याला हालचाल करायला जागा मिळते. मुका खांब बुटका असतो. सुई खालच्या टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून घालायची, दोरा वर ओढायचा आणि सुईवरच्या दोन्ही फाशांतून पुन्हा ओढून घ्यायचा, एवढ्यात तो पुरा होतो. म्हणजे प्रत्येक मुका खांब खालच्या ओळीलाही अडकतो आणि शेजाऱ्यालाही. थोड्या लांबीत वळणे जास्त असल्यामुळे ऑयलरच्या सूत्राप्रमाणे पकडही जास्त. त्यात सुई वेष्टनावर सुचवलेल्या मापापेक्षा लहान घेतली, समजा ४ मिलिमीटरऐवजी ३ किंवा ३.५, तर फासे इतके जवळ येतात की दोरे एकमेकांना टेकतात आणि समभुज चौकोनाला कलायलाच जागा उरत नाही. पिशवीला उभे राहण्याची ताकद या दाटीतून येते. मनगट मात्र दुखते, म्हणून रोज थोडेच विणावे.

आणखी एक बारकावा आहे. खालच्या टाक्यातून दोरा ओढून घेताना तो सुईवरून टाकला, तर टाक्याचे पाय इंग्रजी ‘व्ही’सारखे दिसतात, सुईने दोरा वरून पकडून खेचला, तर ते ‘एक्स’सारखे फुलीत येतात. फुलीचा टाका किंचित अधिक बुटका आणि घट्ट असतो. शिवाय गोल विणताना टाके एका बाजूला कलत जातात आणि पिशवीची शिवण हळूहळू तिरपी होते, तेही फुलीच्या टाक्यात कमी होते. मला फुलीचा टाकाच पिशवीसाठी योग्य वाटतो.

तळाचे गणित लहान पण सुंदर आहे. गोल तळ सपाट राहावा म्हणून मुक्या खांबांच्या प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवतात. सहाच का? फेरी एका टाक्याच्या उंचीने बाहेर गेली की वर्तुळाची त्रिज्या तेवढी वाढते आणि परीघ त्याच्या दोन पाय (π) पट, म्हणजे ६.२८ पट वाढतो. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी, म्हणून सहा. खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून बारा. याहून कमी वाढवले तर तळाची वाटी होते आणि जास्त वाढवले तर झालर. हीच झालर मुद्दाम वाढवत नेऊन डायना टाइमिना या गणितज्ञ महिलेने १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात हायपरबोलिक प्रतलाची, म्हणजे सगळीकडे झालरीसारख्या मुरडत जाणाऱ्या भूमितीतल्या पृष्ठाची, क्रोशाची प्रतिकृती केली होती. पिशवीचा तळ लांबट हवा असेल, तर साखळीभोवती विणताना दोन्ही टोकांना प्रत्येकी तीन टाके वाढवावेत. सरळ बाजूंना वाढ लागत नाही, कारण वळण फक्त टोकांना असते. तळ पुरा झाल्यावर भिंतीची पहिली फेरी टाक्याच्या केवळ मागच्या धाग्यातून विणली की तेथे बिजागरीसारखी कड पडते.

ताठपणासाठी अस्तराचाही विचार करावा. एखादी पट्टी दुप्पट जाड केली की तिचा वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन थर एकमेकांवर नुसते ठेवले आणि ते सरकू शकत असतील, तर मात्र तो दुप्पटच राहतो. वाकळीला जवळजवळ धावदोरा घालतात तेव्हा थर एकमेकांवर सरकत नाहीत. पिशवीचे अस्तरही तसेच भिंतीला ठिकठिकाणी टाचावे, नुसते वरच्या काठाला शिवून आत लोंबते ठेवू नये. अस्तराचे कापड सरळ ताण्याच्या दिशेने कापावे. उरेब कापले तर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

बंदांवर मात्र वरचा ३१ ग्रॅमचा हिशेब लागू पडत नाही. पाच किलोचे ओझे दोन बंदांच्या चार टोकांवर येते, म्हणजे एका टोकावर सव्वा किलो, आणि तेही मोजक्या टाक्यांवर. एसटी पकडायला धावताना हा भार क्षणभर याहून वाढतो. म्हणून बंद आडव्या लहान ओळींनी न विणता लांबीच्या दिशेने लांब ओळींनी विणावा, त्याच्या कडांना घट्ट सरकत्या टाक्यांची किनार द्यावी आणि आत सुती नवारीची पट्टी घालावी. ही पट्टी काठाशी न थांबवता भिंतीच्या आतून तळाखालून फिरवून दुसऱ्या बाजूच्या बंदात नेली, तर ओझे टाक्यांवर येतच नाही. ताग किंवा अंबाडीची दोरी आत घातली तरी चालते. या तंतूंत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) असल्यामुळे ते कडक असतात आणि तुटेपर्यंत जेमतेम दोन टक्के लांबतात, कापूस सहा-सात टक्के लांबतो.

शेवटी पाणी. ओला कापूस कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो, परंतु पाण्याचे रेणू सेल्युलोजच्या, म्हणजे कापूस ज्याचा बनलेला असतो त्या पदार्थाच्या, साखळ्यांमधील हायड्रोजन बंध सोडवतात आणि तंतू लवचिक होतो. वाळताना हे बंध पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी पिशवी ज्या आकारात असेल तोच आकार पक्का होतो. म्हणून धुतलेली पिशवी बंदाने दोरीवर टांगू नये; आत तिच्या मापाचे खोके प्लास्टिकमध्ये गुंडाळून घालावे आणि सावलीत सपाट ठेवावी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती लवकर वाळते. खळ दिल्याने दोरे जेथे एकमेकांना ओलांडतात तेथे चिकटतात आणि सरकणे थांबते, पण खळ पुढच्या धुण्यात जाते आणि पावसाळ्यात तिला कसर लागते. घट्ट विणलेल्या पिशवीला खळीची गरज पडत नाही.